जखमी माशाची शुश्रूषा

भिलाईत उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सियसच्या वर जाते आणि काचपेटीतील पाणीही तापते. पाणी जितके उष्ण, तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो : २० अंशांना दर लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना साडेसात. अशा वेळी दुबळ्या झालेल्या माशाची किरकोळ जखमही चिघळते. तीवर कापसासारखे पुंजके दिसल्यास तो बहुधा सॅप्रोलेग्निया हा बुरशीसारखा सूक्ष्मजीव होय. खवले गळून लाल व्रण पडल्यास जीवाणूंचा संशय घ्यावा.

औषधाआधी पाण्याकडे पाहावे. आजारी मासा वेगळ्या पात्रात ठेवून हवेचा पंप चालू ठेवावा व रोज एकचतुर्थांश पाणी बदलावे. नळाच्या पाण्यातील क्लोरीन कल्ल्यांना इजा करतो. म्हणून ते आधी हायपो घालून निर्धोक करावे. दर लिटरमागे २ ग्रॅम मीठ विरघळवून हळूहळू मिसळावे. पुढे बदललेल्या पाण्यापुरतेच पुन्हा घालावे. जखमेवाटे माशाच्या शरीरातील क्षार बाहेर झिरपतात व पाणी आत शिरते. मिठामुळे ही झीज मंदावते. बिनखवल्यांच्या माशांना मात्र मीठ निम्मेच द्यावे. व्रण खोल असल्यास पशुवैद्यकाचा सल्ला घ्यावा. प्रतिजैविके अंदाजाने देऊ नयेत.