आधी आराखडा

वऱ्हाडातील बडनेरा हे रेल्वेचे गजबजलेले जंक्शन आहे. मुंबईहून नागपूरकडे जाणारा लोहमार्ग येथून जातो आणि अमरावतीचा फाटाही येथेच फुटतो. फलाटाच्या टोकाशी उभे राहून पाहिले, की रुळांचे जाळे दूरवर पसरलेले दिसते. एक रूळ दुसऱ्याला मिळतो, दुसरा तिसऱ्यापासून वेगळा होतो. जेथे रूळ असे मिळतात किंवा फुटतात, त्या जागेला सांधा म्हणतात. सांधा एका बाजूला वळविला तर गाडी नागपूरकडे जाते. दुसऱ्या बाजूला वळविला तर अमरावतीकडे.

समजा, नागपूरची गाडी भरधाव येत आहे आणि त्याच वेळी कोणी चुकून सांधा दुसरीकडे वळविला, तर? केवढा अनर्थ ओढवेल! परंतु असे सहसा घडत नाही. इ. स. १८५६ मध्ये जॉन सॅक्सबी नावाच्या एका इंग्रज कारागिराने सांधे आणि सिग्नल एकमेकांशी जखडून टाकण्याची युक्ती काढली व तिचे पेटंट घेतले. सांधा योग्य बाजूस वळून पक्का बसल्याशिवाय त्या मार्गाचा सिग्नल पडतच नाही, आणि सिग्नल पडल्यावर तो सांधा हलत नाही. पूर्वी हे काम केबिनमधील लोखंडी दांड्या करीत; आता अनेक स्थानकांवर ते संगणक करतात.

यातील खरी मौज तर पुढेच आहे. स्थानकात एकही तार ओढण्यापूर्वी अभियंते कागदावर सर्व रुळांचा नकाशा काढतात. त्यानंतर एक तक्ता तयार करतात. कोणत्या मार्गासाठी कोणता सांधा कोठे वळलेला हवा, एक मार्ग खुला असताना कोणते मार्ग बंद राहिले पाहिजेत, हे सारे त्या तक्त्यात मांडलेले असते. तो पुनःपुन्हा तपासला जातो. कागदावर सापडलेली चूक रबराने खोडता येते. रुळावर सापडलेली चूक खोडता येत नाही.

आधी आराखडा, मग काम, हा नियम रेल्वेपुरताच नाही. गवंडी तो पाळतो, सुतार पाळतो, पूल बांधणारा अभियंताही पाळतो. मग संगणकाने तो का पाळू नये? संगणकाला जे काम करावयाचे असते, ते त्याला आज्ञांच्या स्वरूपात लिहून द्यावे लागते. आज्ञांच्या या मालिकेला आज्ञावली किंवा सॉफ्टवेअर असे म्हणतात. मोठ्या आज्ञावलीत लक्षावधी आज्ञा असतात आणि तिच्यातही असंख्य सांधे असतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, एवढाच फरक. आज्ञावलीचा आराखडा आधी रेखाटावा, तो तपासावा आणि मगच तिची जुळणी करावी, या विचारासाठी जगातील अनेक संशोधकांनी परिश्रम घेतले. अनिरुद्ध गोखले हे त्यांपैकी एक प्राध्यापक होत.

गोखले यांनी १९८९ साली पुणे विद्यापीठाची संगणक अभियांत्रिकीची पदवी मिळविली. त्या काळी संगणक ही दुर्मीळ वस्तू होती. बहुसंख्य घरांत तो कोणी पाहिलेलाही नव्हता. पुढील शिक्षणासाठी ते अमेरिकेत गेले. १९९२ साली ॲरिझोना राज्य विद्यापीठातून त्यांनी पदव्युत्तर पदवी घेतली. नंतर सेंट लुईस शहरातील वॉशिंग्टन विद्यापीठात डग्लस श्मिट यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी संशोधन केले आणि १९९८ साली संगणकशास्त्रातील डॉक्टर ही पदवी संपादन केली.

त्यांच्या संशोधनाचा विषय काय होता, हे समजण्यासाठी कापसाच्या बाजाराचे उदाहरण घ्यावे. शेतकरी कापसाची गाडी घेऊन बाजारात येतो. तेथे दहा व्यापारी असतात. प्रत्येकाची बोलण्याची रीत निराळी, हिशेबाची पद्धत निराळी. अशा वेळी मधे अडत्या असला, की शेतकऱ्याला दहा जणांचे उंबरठे झिजवावे लागत नाहीत. निरनिराळ्या संगणकांवरील आज्ञावल्या एकमेकींशी बोलतात, तेव्हा त्यांच्यामध्येही असाच एक अडत्या असतो. तोही आज्ञावलीच असतो. त्याला 'मधला थर' म्हणू. एकीचे म्हणणे तो दुसरीला समजेल अशा रूपात पोहोचवितो.

परंतु अडत्या म्हटला की अडत आलीच! हा मधला थर आपल्या कामासाठी किती वेळ खातो? पुष्कळांना वाटे, 'फारसा नसेल.' गोखले आणि श्मिट यांनी अंदाजावर विसंबून न राहता प्रत्यक्ष मोजून पाहिले. १९९६ साली त्यांचा याविषयीचा निबंध प्रसिद्ध झाला. थेट पाठविलेल्या माहितीशी तुलना करता, त्या वेळचे चांगले मधले थर साधी माहिती सुमारे तीन-चतुर्थांश वेगाने नेत. माहिती गुंतागुंतीची असली, तर तोच वेग सुमारे एक-तृतीयांशावर येई. तारा वेगवान होत्या, संगणक वेगवान होते. वेळ जात होता तो मधल्या मधे.

वेळ कोठे जातो, याचाही त्यांनी शोध घेतला. एकच माहिती पुनःपुन्हा उतरवून घेतली जात होती. हवे असलेले नाव शोधताना यादी प्रत्येक वेळी पहिल्या नावापासून वाचली जात होती. गुरुजींनी शेवटच्या मुलाला हाक मारण्यापूर्वी दर वेळी सारा हजेरीपट वाचावा, तसाच हा प्रकार! गोखले यांनी असा एकेक दोष काढला आणि प्रत्येक दुरुस्तीनंतर वेग पुन्हा मोजला. श्मिट यांच्या गटाने 'टाओ' नावाचा जो नवा मधला थर रचला, त्यात या संशोधनाचा उपयोग झाला. वेळेचे बंधन कडक असते, अशा कामांसाठी टाओची योजना होती. विमानातील यंत्रणेला उत्तर उशिरा मिळाले, तर ते उत्तर बरोबर असूनही निरुपयोगी ठरते.

त्यानंतर गोखले न्यू जर्सी येथील बेल प्रयोगशाळेत रुजू झाले. १९४७ साली ट्रान्झिस्टरचा शोध लावणारी हीच ती विख्यात संस्था. तेथे त्यांच्यापुढे निराळा प्रश्न होता. एखादी आज्ञावली काम करता करता बंद पडली, तर काय करावे? त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर काम केले. एकाच आज्ञावलीच्या अनेक प्रती निरनिराळ्या संगणकांवर तयार ठेवावयाच्या. एक थांबली की दुसरीने तिची जागा घ्यावयाची, ही त्यातील मुख्य कल्पना होती.

वेग साधला, विश्वास साधला. परंतु एक गोष्ट अजून साधली नव्हती. मधला थर जसजसा शक्तिशाली होत गेला, तसतशा त्याच्या कळा वाढत गेल्या. कोणता भाग कोणत्या संगणकावर ठेवावा, कोणाला प्राधान्य द्यावे, कोणाचे म्हणणे कोणाकडे जावे, अशा शेकडो गोष्टी अभियंत्याला हाताने लिहून द्याव्या लागत. प्रत्येक भाग निर्दोष असे; चूक होई ती जुळणीत. तीही लवकर दिसत नसे. यंत्रणा चालू झाल्यावरच ती प्रकट होई.

जुळणीतील चूक किती महाग पडते, हे १९९९ साली जगाने पाहिले. मंगळाच्या अभ्यासासाठी अमेरिकेने 'मार्स क्लायमेट ऑर्बिटर' नावाचे यान पाठविले होते. यानाच्या मार्गाचा हिशेब ठेवणाऱ्या एका आज्ञावलीने जोराचे आकडे पौंडाच्या मापात दिले. ते वापरणाऱ्यांनी न्यूटनच्या मापातील समजून घेतले. दोन्हींत सुमारे साडेचार पटींचा फरक! गवंड्याने भिंतीतील जागा मीटरमध्ये सांगावी आणि सुताराने चौकट फुटांत करून आणावी, तसे झाले. यान ठरलेल्या उंचीपेक्षा फार खाली गेले आणि २३ सप्टेंबर १९९९ रोजी त्याचा संपर्क कायमचा तुटला. आकडेमोड कोणाचीच चुकली नव्हती. चुकला होता तो दोघांमधील सांधा.

एकविसाव्या शतकाच्या आरंभी गोखले टेनेसी राज्यातील नॅशव्हिल येथे व्हँडरबिल्ट विद्यापीठात आले. तेथे यानोश स्तिपानोविच या हंगेरीत जन्मलेल्या प्राध्यापकांनी १९९८ साली एक संशोधन संस्था स्थापन केली होती. आज्ञावलीची जुळणी आराखड्यावरून करावी, हा त्या संस्थेचा ध्यासच होता. गोखले यांना हवे होते ते क्षेत्र येथे लाभले. श्मिट यांच्याशी त्यांचा सहयोग पुढेही चालू राहिला. सहकारी व विद्यार्थी यांच्या साहाय्याने त्यांनी 'कॉस्मिक' नावाचा साधनांचा संच विकसित केला.

या साधनांचे काम कसे चालते? त्यांच्या निबंधांत विमानातील एका छोट्या यंत्रणेचे उदाहरण येते. तिचे तीन भाग आहेत. पहिला भाग घड्याळाप्रमाणे ठरावीक अंतराने ठोके देतो. ठोका ऐकताच दुसरा भाग विमान कोठे आहे, याची नोंद घेतो आणि नवी नोंद झाल्याचे तिसऱ्याला कळवितो. तिसरा भाग ती नोंद वैमानिकासमोरील पडद्यावर दाखवितो. अभियंता संगणकावर तीन चौकटी काढतो आणि बाणांनी त्या जोडतो. हाच आराखडा. ठोक्याचा बाण चुकून पडद्याकडे नेला, तर साधन तेथेच हरकत घेते. कारण पडद्याला ठोका नको, नोंद झाल्याची सूचना हवी. न जुळणारे सांधे आराखड्यावरच नाकारले जातात. आराखडा निर्दोष ठरला, म्हणजे जुळणीचे किचकट लिखाण साधन स्वतःच करून देते. पूर्वी हेच लिखाण माणसे रात्री जागून करीत आणि त्यात एखादे अक्षर चुकले, की चूक शोधण्यात दिवस घालवीत.

यावर कोणी विचारील, की मग अभियंत्याला काम ते काय उरले? विचार करण्याचे काम उरले. आणि तेच सर्वांत अवघड. आराखड्यात जे दाखविले, तेवढेच साधनाला कळते. नकाशात विहीरच दाखविली नसेल, तर नकाशा कितीही सुबक असला तरी वाटसरू तिच्यात पडेल. म्हणून आराखडा काढणाऱ्याने प्रत्यक्ष वस्तूचे निरीक्षण केले पाहिजे, मोजमाप केले पाहिजे. गोखले यांनी आधी मोजमाप केले आणि मग आराखड्याकडे वळले, हा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

आराखड्याची ही विद्या त्यांनी मोठ्या यंत्रणांपुरती ठेवली नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी शालेय विद्यार्थ्यांसाठी केलेल्या एका प्रयोगाचे वर्णन केले आहे. विषय होता रस्त्यावरील वाहतूक. मुलांनी संगणकावर चौकाचे प्रतिरूप तयार करावयाचे, त्यात वाहने सोडावयाची, सिग्नलच्या वेळा बदलावयाच्या आणि कोंडी कशी होते, कशी सुटते, ते पाहावयाचे. खऱ्या रस्त्यावर असे प्रयोग करू गेल्यास लोकांचे हाल होतील. प्रतिरूपात मात्र हजार वेळा चुकले तरी कोणाला इजा होत नाही. चुकण्याची अशी निर्भय जागा मिळणे, हा आराखड्याचा फार मोठा लाभ आहे.

ही विद्या शिकण्यासाठी आता परदेशीच गेले पाहिजे असे नाही. बडनेऱ्यात १९८३ साली अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. संगणक अभियांत्रिकीचे शिक्षण घेणारे विद्यार्थी आज आज्ञावली लिहिण्यापूर्वी तिचा आराखडा काढावयास शिकतात. कित्येकांना प्रथम ते काम कंटाळवाणे वाटते. 'लगेच आज्ञा लिहू आणि चालवून पाहू,' अशी घाई होते. ही घाई स्वाभाविक आहे. परंतु ज्यांच्या आज्ञावल्यांवर पुढे रुग्णालयातील यंत्रे, विमाने आणि रेल्वेचे सिग्नल चालणार आहेत, त्यांना ती घाई परवडणारी नाही.

रात्रीच्या वेळी बडनेऱ्याहून एखादी गाडी सुटते. डब्यातील माणसे निश्चिंत झोपलेली असतात. चाकांखाली एकामागून एक सांधे खडखडत जातात आणि गाडी आपल्याच रुळावरून पुढे धावते. त्या झोपलेल्या माणसांपैकी कोणालाही तो कागदावरचा तक्ता ठाऊक नसतो, आणि तो पुनःपुन्हा तपासणाऱ्यांची नावेही ठाऊक नसतात. आराखडा काढणाऱ्यांचे श्रम असेच अदृश्य असतात. लोकांची ती निश्चिंत झोप, हेच त्यांच्या श्रमांचे फळ होय.

स्वाध्याय

१. एकेका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) सांधा म्हणजे काय?
(आ) 'मधला थर' कोणते काम करतो?
(इ) गोखले यांनी डॉक्टर ही पदवी कोठे व केव्हा मिळविली?

२. कारणे द्या.
(अ) विमानातील यंत्रणेला उशिरा मिळालेले बरोबर उत्तरही निरुपयोगी ठरते.
(आ) 'मार्स क्लायमेट ऑर्बिटर' हे यान नष्ट झाले.
(इ) आराखडा काढणाऱ्याने प्रत्यक्ष वस्तूचे निरीक्षण केले पाहिजे.

३. 'कागदावर सापडलेली चूक रबराने खोडता येते. रुळावर सापडलेली चूक खोडता येत नाही.' या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत आठ-दहा ओळींत स्पष्ट करा.

४. पुढील शब्दांचा व वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा : उंबरठे झिजविणे, अनर्थ ओढवणे, विसंबून राहणे, किचकट, निश्चिंत.

५. तुमच्या शाळेजवळच्या चौकाचा किंवा रेल्वे फाटकाचा नकाशा काढा. फाटक केव्हा उघडावे व केव्हा लावावे, याचे नियम एका तक्त्यात लिहा. तो तक्ता शेजारच्या मित्राला तपासावयास द्या.