घेवड्याचा वेल आणि पाच हजारांची तूट



अंकासाठी काहीतरी लिहा असे मंडळींनी सांगितले, तेव्हा मी म्हटले, "अहो, मी बी.कॉम. झालेला बँकेतला कारकून. जन्मभर नावे-जमा लिहिले. मला अध्यात्मातलं काय कळतं?" त्यावर मंदिरातल्या एक आजी म्हणाल्या, "मग नावे-जमाच लिही की. महाराजांपाशी तरी दुसरं काय असतं?" त्यांच्या शब्दाखातर हा लेख. मी अभ्यासक नाही. चुकले-माकले तर वाचकांनी सांभाळून घ्यावे.

श्रीगुरुचरित्राचा अठरावा अध्याय आपल्यापैकी बहुतेकांना परिचित आहे. अनेक घरांत तो रोज वाचला जातो. कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळ अमरापूर गावी एक गरीब ब्राह्मण राहत असे. कोरान्न मागून तो पोट भरी, आणि ज्या दिवशी काही मिळत नसे त्या दिवशी दारातल्या घेवड्याच्या शेंगांवर घर भागवी. एके दिवशी श्रीनृसिंहसरस्वती स्वामी त्याच्या घरी भिक्षेला आले. घरात दुसरे काही नव्हते, म्हणून त्या माउलीने शेंगाच वाढल्या. स्वामी संतुष्ट झाले, तुमचे दारिद्र्य गेले असा आशीर्वाद दिला, आणि जाता जाता दारातला तो वेलच तोडून टाकला!

घरात आकांत झाला. ज्याच्यावर पोट चालायचे तोच वेल गेला. ब्राह्मणाने बायकोची समजूत घातली, श्रीगुरूंना दोष देऊ नकोस म्हणाला. मग वेलाचे उरलेले मूळ काढून टाकावे म्हणून तो खणायला लागला, तेव्हा त्याला द्रव्याने भरलेला कुंभ सापडला. गोष्ट एवढीच. पण मला ती समजायला बरीच वर्षे गेली, आणि समजली ती पोथीसमोर बसून नाही, बँकेच्या कॅश काउंटरच्या मागे.

१९८८ साल. मी एका तालुक्याच्या गावी बँकेत कॅशियर होतो. वय तिशीच्या आसपास, नुकतेच लग्न झालेले. माझा हात नोटा मोजण्यात फार जलद होता. ग्राहक माझ्याच खिडकीपुढे रांग लावायचे आणि मला त्याचा मनातून अभिमान होता. पगाराचा दिवस होता, बँकेत तोबा गर्दी. संध्याकाळी कॅश जुळवायला बसलो तर बरोबर पाच हजार कमी. तीनदा मोजले. हेड कॅशियरने मोजले. रात्रीचे नऊ वाजले, तरी पाच हजार कमी ते कमीच.

जुन्या मंडळींच्या लक्षात आले असेलच. पन्नासच्या शंभर नोटांचे पाकीट म्हणजे पाच हजार, आणि शंभरच्या शंभर नोटांचे पाकीट म्हणजे दहा हजार. पन्नासच्या पाकिटाऐवजी शंभरचे पाकीट कुणाला तरी गेले होते. कुणाला, ते कळले नाही. दुसऱ्या दिवशी ज्यांच्यावर संशय होता त्यांच्या घरी गेलो. हात जोडले. एकाने चहा पाजला, एकाने दार लावून घेतले. पैसे काही परत आले नाहीत.

नियमाप्रमाणे तूट कॅशियरने भरायची. दोन महिन्यांचा पगार घातला असता तरी भागले नसते. शेवटी सौभाग्यवतीने पाटल्या काढून दिल्या. त्या मोडल्या आणि पैसे भरले. ती तेव्हा एवढेच म्हणाली, "पाटल्या गेल्या, हात आहेत ना?" मला ते ऐकून जास्तच लाज वाटली.

पैसे भरले तरी लोकांची नजर बदलली. पैसे खरेच चुकून गेले, की यानेच घेतले? तोंडावर कुणी म्हणाले नाही, पण मी आलो की बोलणे थांबायचे. मला कॅशवरून काढून मागच्या खोलीत लेजरवर बसवले. त्या वर्षी बढतीच्या परीक्षेला बसायचे ठरवले होते, तेही धीर होईना म्हणून सोडले.

आता खरे ते सांगतो. त्या दिवसांत मी अठरावा अध्याय रोज वाचायला लागलो, तो कुंभ सापडावा म्हणूनच. वाटायचे, आज नाही तर उद्या तो ग्राहक येईल आणि पैसे ठेवून जाईल. तीन-चार महिने गेले. कुणी आले नाही. एके पहाटे वाचताना मात्र एका गोष्टीपाशी मी थांबलो. वेल श्रीगुरूंनी तोडला हे खरे, पण खणले कुणी? ब्राह्मणाने! कुंभ वेलाला लटकलेला नव्हता. वेल तोडल्याबरोबर तो वर आला नाही. तो तुटलेला वेल बघत, रडत ओट्यावर बसून राहिला असता, तर कुंभ जमिनीतच राहिला असता. आपल्या दारातले मूळ त्याने आपल्या हाताने खणले, तेव्हा खालचे हाती लागले.

मी पोथी मिटली आणि मनाशी म्हटले, आपण इतके दिवस खणले कुठे? आपण तर दुसऱ्यांच्या दारात जाऊन उभे राहिलो.

त्या दिवशी एक कागद घेतला आणि त्या पगाराच्या दिवसाचा हिशोब लिहिला, पैशांचा नव्हे, माझ्या वागण्याचा. पन्नासची आणि शंभरची पाकिटे एकाच खणात का ठेवली? वेळ वाचावा म्हणून. पाकीट देण्यापूर्वी वरची नोट का पाहिली नाही? हात जलद म्हणून. आणि हात इतका जलद कशासाठी? चार लोकांनी वाहवा म्हणावे म्हणून. असे खणत खणत गेलो तेव्हा मूळ सापडले, आणि ते माझ्याच दारात होते. ग्राहक अप्रामाणिक होता हे खरे, पण तो माझ्या हातातला भाग नव्हता. माझ्या हातातला भाग होता तो माझा गर्व.

मागच्या खोलीत आमच्या शाखेची कित्येक महिन्यांची लेजरे जुळवायची राहिली होती. त्या काळी संगणक नव्हते. खात्यांची बेरीज एक, जनरल लेजरचा आकडा दुसरा, आणि मधला फरक शोधता शोधता माणसे वैतागत. ते काम म्हणजे शिक्षाच समजली जाई. मी ते मन लावून करू लागलो. एका जुन्या सहकाऱ्याने दोन युक्त्या शिकवल्या. फरकाला नऊने नि:शेष भाग जात असेल, तर कुठेतरी आकड्यांची अदलाबदल झाली असण्याचा संभव असतो, म्हणजे ५४०च्या जागी ४५० लिहिले गेले. आणि फरक सम असेल, तर त्याचा अर्धा करून तेवढ्याच रकमेची नोंद शोधावी. ती जमेऐवजी नावे पडलेली असू शकते. वर्षभरात सगळी लेजरे जुळली. पुढे आसपासच्या शाखांतून फरक काढायला मला बोलावणे येऊ लागले. मी क्लार्क म्हणून लागलो आणि क्लार्क म्हणूनच निवृत्त झालो. पाटल्या पुन्हा करायला अकरा वर्षे लागली. म्हणजे कुंभ मला सापडला नाही. पण चूक शोधताना माणसावर संशय न घेता आधी नोंद तपासावी, ही सवय लागली. ती पाटल्यांपेक्षा जड आहे असे आता वाटते.

भागवताच्या एकादश स्कंधात अवधूत आणि यदुराजाचा संवाद आहे. त्यावर नाथमहाराजांनी मराठीत विस्ताराने लिहिले आहे. नाथांचे गुरू जनार्दनस्वामी हे दत्तभक्त, म्हणून आपल्या संप्रदायात त्या ग्रंथाला वेगळाच जिव्हाळा आहे. अवधूताने चोवीस गुरू केले. त्यांची यादी नीट पाहा. जाळ्यात सापडलेल्या पिल्लांमागे स्वतःही सापडलेला कपोत, गळाला लागलेला मासा, ज्योतीवर झेपावलेला पतंग, मध साठवून तो दुसऱ्याच्या हाती गेलेली मधमाशी. यांपैकी कुणीही अवधूताला शिकवायला बसले नव्हते. ते आपापल्या दु:खात होते. शिकला तो अवधूत.

आणि पिंगला बघा. ती विदेहनगरीतली गणिका. रात्रभर दारात कुणाची तरी वाट पाहत राहिली, आत-बाहेर करून थकली, कुणीच आले नाही. त्या निराशेतच तिचे डोळे उघडले, तिने आशा सोडली आणि शांत झोपली. वाट पाहून निराश झालेली माणसे जगात कमी आहेत का? पण पिंगलेने त्या रात्री आपल्या निराशेकडे नीट पाहिले. म्हणून मला वाटते, संकट हा आपोआप गुरू होत नाही. आपण शिष्य झालो तर तो गुरू होतो. नाहीतर संकट हे नुसते संकटच राहते, आणि माणूस त्याने कडवट होतो. माझ्या बरोबरीचे असे कडवट झालेले लोक मी पाहिले आहेत. मीही चार महिने तसाच होतो.

आता एक कबुली, आणि ती लिहिणे मला जड जाते आहे. स्वतःला हे उमगल्यावर मी दुसऱ्यांना ते सांगत सुटलो. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांचा तरुण मुलगा गेला. मी भेटायला गेलो आणि म्हणालो, "महाराजांनी वेल तोडला, म्हणजे यातही काही चांगलं असेल." ते काही बोलले नाहीत. नंतर वर्षभर त्यांनी माझ्याशी नजर मिळवली नाही. त्यांचे बरोबर होते. पाच हजार रुपये आणि पोटचा मुलगा यांना मी एकाच खात्यात टाकले होते! पुढे मी त्यांची क्षमा मागितली. त्यांनी माझा हात धरला, पण बोलले नाहीत.

ब्राह्मणाला कुंभ सापडल्यावर तो बायकोसह श्रीगुरूंकडे गेला, तेव्हा ही गोष्ट कुणाला सांगू नका असेच स्वामींनी बजावले. त्याचा एक अर्थ मी माझ्यापुरता असा घेतो, की "जे झाले ते चांगल्यासाठी" हे वाक्य फक्त स्वतःच्या दु:खाबद्दल म्हणावे, तेही खणून झाल्यावर. दुसऱ्याच्या दारातला वेल तुटला तर आपण तत्त्वज्ञान सांगू नये. त्याच्या घरी त्या दिवशी शेंगा नाहीत, हे लक्षात ठेवून डबा न्यावा.

शेवटी मागच्या वर्षीचा एक प्रसंग सांगून थांबतो. आपल्या मंदिरात अन्नदानाच्या पावत्या एक कॉलेजचा मुलगा फाडत होता. रात्री हिशोबात ३,६०० रुपये कमी आले. मुलगा रडवेला झाला. दोघे-तिघे एकमेकांकडे बघू लागले. ती नजर मी ओळखली. मी म्हटले, "मंडळी, आधी चहा घ्या. आणि बाळ, तू माझ्याजवळ बस." ३,६००ला नऊने भाग जातो. आम्ही दोघांनी एकेक पावती वहीशी ताडून पाहिली. १,५०१ची पावती वहीत ५,१०१ अशी लिहिली गेली होती. फरक बरोबर ३,६००! मुलाच्या चेहऱ्यावरचा तो सुटकेचा भाव मी विसरणार नाही.

घरी आल्यावर सौभाग्यवतीला सारे सांगितले. ती देवापुढे वाती करत होती. मान वर न करता म्हणाली, "म्हणजे माझ्या पाटल्या कुठे गेल्या ते आज कळलं म्हणा."

वाचकहो, आपल्या प्रत्येकाच्या दारात केव्हा ना केव्हा वेल तुटलेला असतो. कुणाचा नोकरीचा, कुणाचा तब्येतीचा, कुणाचा मुलांकडून असलेल्या अपेक्षेचा. रडू आले तर रडून घ्यावे, त्या माउलीलाही आले होते. पण मग कुदळ आपल्याच हातात घ्यावी आणि आपल्याच दारात खणावे. काय निघेल ते महाराजांच्या इच्छेने निघेल.

श्रीगुरुदेव दत्त.