जुन्या मोटारीच्या ब्रेकमधील हवा कशी काढावी?

डिझेल इंजिनाची टाकी कोरडी पडून इंजिन बंद झाले, तर नुसते डिझेल ओतून ते सुरू होत नाही. आधी नळीतील हवा काढावी लागते, हे शेतकरी बंधूंना सांगावयास नको. मोटारीच्या ब्रेकचेही तसेच आहे. मात्र इंजिनात हवा राहिली तर पिकाचे पाणी लांबते. ब्रेकमध्ये राहिली, तर टोमॅटोचे क्रेट भरलेली गाडी माळशेज घाटाच्या उतारावर थांबत नाही.

पेडलवर दिलेला दाब मास्टर सिलिंडरमधून ब्रेक ऑईलमार्फत चाकापर्यंत जातो. तेल दाबाने जवळजवळ आकसत नाही, हवा मात्र आकसते. त्यामुळे आत हवा असली की पेडल मऊ लागते आणि खाली जाते. नवीन कॅलिपर आतून रिकामा असतो, शिवाय तो बसविताना नळी उघडावी लागते. म्हणून कॅलिपर बदलल्यावर हवा काढणे टाळता येत नाही.

आमच्या घरच्या जुन्या मोटारीचे पुढचे दोन्ही कॅलिपर जाम झाले होते. एका गॅरेजमध्ये नवीन बसवून घेतले. दोन बाटल्या तेल संपले तरी पेडल घट्ट होईना. शेवटी मास्टर सिलिंडर बदला, असा सल्ला मिळाला. घरी चाक काढून पाहिले, तर हवा काढण्याचे निपल कॅलिपरच्या तळाशी! डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसला होता. हवा वर चढते, त्यामुळे तळाच्या निपलातून तेल येत राहते आणि हवेचा फुगा वरच अडकून बसतो. पाइपलाइनच्या उंच जागी एअर व्हॉल्व्ह का बसवावा, हे मी दरवर्षी वर्गात शिकवतो. तरी हे ध्यानात यायला मला तासभर लागला. कॅलिपर अदलाबदल करून बसविल्यावर थोड्याच वेळात पेडल घट्ट झाले. तेव्हा पाना हाती घेण्यापूर्वी निपल वरच्या बाजूस आहे ना, हे प्रथम पाहावे. नळीच्या बोल्टाला तांब्याची वॉशर नवीन घालावी.

तेल बाटलीच्या टोपणावर किंवा गाडीच्या पुस्तकात लिहिलेल्या प्रतीचेच घ्यावे. जुन्या गाड्यांना बहुधा डॉट ३ किंवा डॉट ४ लागते. हे तेल हवेतील ओल शोषते. कोरडे डॉट ३ किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण ३.७ टक्के पाणी शिरल्यावर ही मर्यादा १४० अंशांपर्यंत उतरू शकते. लांब उतारावर ब्रेक तापून तेल उकळले, तर वाफ होते आणि पेडल एकाएकी खाली जाते. म्हणून वर्षभर उघडी पडलेली बाटली वापरू नये. इंजिन ऑईल तर चुकूनही ओतू नये, त्याने रबरी वॉशर फुगतात.

गाडी सपाट जागेवर घेऊन चाकांना उटी लावावी व जॅकच्या भरवशावर न राहता खाली भक्कम स्टँड द्यावा. इंजिन बंद असावे. निपलवर पारदर्शक नळी चढवून तिचे दुसरे टोक बाटलीतील स्वच्छ ब्रेक ऑईलमध्ये बुडवावे. मदतनिसाने पेडल सावकाश तीन-चार वेळा दाबून दाबूनच धरावे. मग निपल पाव फेरा ढिले करावे. तेल व बुडबुडे बाहेर येतील. निपल घट्ट केल्यावरच पेडल सोडावयास सांगावे, आधी सोडल्यास हवा पुन्हा आत ओढली जाते. भराभर पेडल मारू नये, तेलाला फेस येतो.

जुन्या गाडीत पेडल तळापर्यंतही दाबू नये. मास्टर सिलिंडरचा जो भाग एरवी वापरात नसतो, तेथे गंज असतो व त्यावरून जाताना वॉशर फाटतात. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवावा. टाकीतील तेल मध्ये मध्ये भरत राहावे. ती एकदा रिकामी झाली, तर चारही चाकांची हवा काढावी लागते. तेव्हा सर्वसाधारणपणे मास्टर सिलिंडरपासून लांबच्या चाकापासून सुरुवात करतात, परंतु काही गाड्यांत क्रम वेगळा असतो. एबीएस असलेल्या गाडीचे काम मात्र वर्कशॉपकडेच द्यावे.

बुडबुडे थांबल्यावर निपल बेताने आवळून त्याची टोपी बसवावी. पेडल मिनिटभर जोराने दाबून धरावे. ते हळूहळू खाली बसत असेल, तर गळती आहे किंवा मास्टर सिलिंडर खरोखरच गेला आहे. बूस्टर असलेल्या गाडीत इंजिन सुरू करताना पेडल थोडे खाली जाते, ते योग्यच आहे. नंतर रिकामी गाडी सपाट रस्त्यावर अगदी हळू चालवून, हाताचा ब्रेक तयार ठेवून, तीन-चार वेळा थांबवून पाहावी.

रंगावर तेल सांडल्यास लगेच पाण्याने धुवावे. काढलेले तेल विषारी असते. ते पाण्याच्या बाटलीत ठेवू नये आणि गोठ्याजवळ किंवा बांधावर ओतू नये. दुसऱ्या दिवशी माल भरण्यापूर्वी टाकीतील पातळी व निपलभोवतीची ओल पुन्हा एकदा पाहावी.