हुशार आणि बोलक्या मुलाचें कॉलेज

दहावीचा निकाल लागला कीं शाळेच्या कचेरीपाशीं पालकांची गर्दी होते. ज्यांचा मुलगा लाजाळू अथवा एकलकोंडा असतो ते पुढील शिक्षणाविषयीं बारीकसारीक चौकशी करितात: वर्ग केवढा, वसतिगृह कसें, शिक्षक रागीट तर नाहींत ना. उलट, ज्यांचा मुलगा हुशार असून शिवाय बोलका, चारचौघांत मिसळणारा, स्नेहसंमेलनांत पुढें असणारा, ते अगदीं निश्चिंत असतात. "त्याला कोठेंही घाला, तो आपलें जमवून घेईल," असें ते हंसत सांगतात. ह्या निश्चिंतपणाविषयींच आम्हांस येथें थोडें लिहावयाचें आहे. कारण आमच्या मतें कॉलेजची निवड अधिक काळजीनें करावयाची ती ह्याच मुलाकरितां.

लाजाळू मुलगा कोठेंही गेला तरी बहुधा आपल्या पुस्तकांत राहतो. भोंवतालचें बरेंवाईट त्यास उशिरा शिवतें. बोलका मुलगा आठ दिवसांत पन्नास जणांस ओळखूं लागतो व महिन्याभरांत त्यांच्यासारखा बोलूं लागतो. ढवळ्याशेजारीं बांधला पवळ्या, वाण नाहीं पण गुण लागला, ही म्हण त्याच्याविषयीं अक्षरशः खरी ठरते. जेथें मुलें प्रयोगशाळा, वादविवाद, नाटक, मैदान ह्यांत गुंतलेलीं असतात तेथें तोही गुंतेल. जेथें तीं उपाहारगृहाच्या पायरीवर दिवस काढतात तेथें तो त्या पायरीचा पुढारी होईल. जमवून तो दोन्हीकडे घेईल, आणि भीति नेमकी तीच आहे. दानीएल बाबेलच्या राजवाड्यांत तीन वर्षांच्या शिक्षणास ठेवला गेला तेव्हां हनन्या, मीशाएल व अजऱ्या हे तिघे त्याच्या निश्चयांत सामील होते, ही गोष्ट तो अध्याय वाचतांना आपण पुरतेपणीं लक्षांत घेत नाहीं.

आपल्या राज्यांत ही निवड फार लहान वयांत करावी लागते. दहावीनंतर दोन वर्षें व पुढें तीन वर्षें पदवीचीं, अशी रचना १९७० ते १९८० ह्या दशकांत आली, आणि अकरावी-बारावीचे वर्ग पुष्कळ ठिकाणीं पदवीच्या कॉलेजांस जोडले गेले. त्यामुळें पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा शाळेची घंटा व वर्गशिक्षकाची नजर मागें टाकून एकदम कॉलेजच्या फाटकांत शिरतो. २०२५ सालापासून अकरावीचे प्रवेश सर्व राज्यभर एकाच ऑनलाइन पद्धतीनें होऊं लागले. त्या वर्षीं विद्यार्थ्यानें एक ते दहा कॉलेजांचीं नांवें पसंतीच्या क्रमानें लिहावयाचीं होतीं; आणि पहिल्या पसंतीचें कॉलेज मिळालें असतां तेथें प्रवेश घेणें भाग होतें, न घेतल्यास पुढील नियमित फेऱ्यांत त्यास वाव नव्हता. एवढें वजन त्या पहिल्या ओळीस असतां ती बहुतेक घरांत गेल्या वर्षींचा कटऑफ पाहून भरली जाते. कटऑफ म्हणजे किती मुलें दाराशीं उभीं होतीं ह्याचा आंकडा. आंत काय शिकवितात तें त्यावरून कळत नाहीं.

तीच गोष्ट नॅकच्या श्रेणीची. कॉलेजच्या दारावर मोठ्या अक्षरांत 'ए प्लस प्लस' लिहिलेलें पाहून पालक हुरळून जातात. चार गुणांपैकीं ३.५१ वा अधिक मिळविणाऱ्या संस्थेस ती श्रेणी दिली गेलेली आहे व ती स्पृहणीय आहे ह्यांत शंका नाहीं. परंतु नॅक ही उच्च शिक्षणाचें मूल्यांकन करणारी संस्था आहे. त्याच इमारतींतील अकरावी-बारावीचे वर्ग तिच्या कक्षेंत येत नाहींत. शिवाय श्रेणी साऱ्या संस्थेस असते, एकेका विषयास नव्हे.

येथें एका प्रथेचा स्पष्ट उल्लेख केला पाहिजे. मुलाचें नांव एखाद्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या हजेरीपटावर असतें, पण तेथें तो प्रात्यक्षिकापुरता जातो; त्याचा सारा दिवस खासगी शिकवणीवर्गांत जातो. ह्यास 'इंटिग्रेटेड' असें भारदस्त नांव आहे. नीट व जेईई ह्या परीक्षा कठीण आहेत, आणि ज्याचें मन खरोखर वैद्यकींत वा अभियांत्रिकींत आहे त्यास कसून अभ्यास करावा लागणारच. परंतु ज्याची बुद्धि प्रश्नोत्तरांत उजळते, जो चार जणांशीं बोलत बोलत विचार करितो, त्यास दोन वर्षें भिंतीकडे तोंड करून प्रश्नपत्रिका सोडवावयास बसविणें म्हणजे शुभवर्तमानांतील त्या चाकरानें धन्याचें धन जमिनींत पुरून ठेवलें तसें आहे. असे कांहीं माजी विद्यार्थी आम्हांस भेटावयास येतात. गुण उत्तम असतात, पण बोलणें तुटक झालेलें असतें, आणि सोबत्यांचीं नांवें विचारलीं तर चारसुद्धां सांगतां येत नाहींत.

तर मग पाहावें काय? प्रवेशाच्या हंगामांत कॉलेज पाहूं नये. त्या दिवसांत सर्वच कॉलेजें पाहुण्यांसाठीं सजलेलीं असतात. मुलगा दहावींत असतांनाच, दिवाळीनंतर, एखाद्या साध्या मंगळवारीं दुपारीं जावें. त्यास बरोबर न्यावें, आणि परवानगी घेऊन आंत गेल्यावर अर्धा तास एकटें सोडावें. बोलक्या मुलाचा हा मोठा उपयोग आहे कीं आपणांस दोन दिवसांत न मिळणारी माहिती तो अर्ध्या तासांत घेऊन येतो! त्यानें अकरावीच्या मुलांस एवढेंच विचारावें कीं काल किती तास झाले, व किती शिक्षकांस तुमचें नांव ठाऊक आहे. आपण तोंवर ग्रंथालयांत डोकवावें. पुस्तकें किती ह्यापेक्षां, अकरावीच्या मुलास पुस्तक घरीं नेतां येतें कीं नाहीं, व कपाटांचीं कुलुपें उघडीं असतात काय, हें पाहावें. मग सूचनाफलक वाचावा. वक्तृत्वाची, एकांकिकेची, विज्ञानप्रदर्शनाची सूचना ताजी आहे कीं गेल्या पावसाळ्यांतली? आणि ह्या गोष्टींत अकरावी-बारावीच्या मुलांस घेतात, कीं सर्व कांहीं पदवीच्या विद्यार्थ्यांकरितां राखून ठेवलेलें असतें? जोड कॉलेजांत हा प्रश्न अवश्य विचारावा.

पुण्यांत १९६३ सालीं सुरू झालेल्या पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिका स्पर्धेंतून मराठी रंगभूमीस अनेक नट व लेखक लाभले. परंतु रंगमंचावर चार मुलें दिसतात तेव्हां दिवे, पडदे व पैशांचा हिशेब सांभाळणारीं कितीतरी मागें असतात. बोलक्या मुलास व्यासपीठ कोठेंही मिळतें. त्यास मागचें काम देणारें, एखाद्या वर्षीं नुसती वही सांभाळावयास लावणारें कॉलेज मिळालें, तर तें आम्ही अधिक चांगलें समजूं.

नांवाजलेल्या कॉलेजांविषयीं आमचा आकस नाहीं. मुंबईचें विल्सन (१८३२) व सेंट झेवियर (१८६९), नागपूरचें हिस्लॉप (१८८३), पुण्याचें फर्ग्युसन (१८८५) ह्यांचा इतिहास थोर आहे. पण अहमदनगर येथें, ज्यास आतां अहिल्यानगर म्हणतात, डॉ. भा. पां. हिवाळे ह्यांनीं १९४७ सालीं कॉलेज काढलें, तें जिल्ह्यांतील मुलांस उच्च शिक्षण घराजवळ मिळावें म्हणूनच. पंधराव्या वर्षीं जवळचें व अठराव्या वर्षीं दूरचें, असा आमचा सर्वसाधारण कल आहे. बारावीनंतर मुलास आपली संगत निवडण्याची थोडी अक्कल आलेली असते. तेव्हां मग मुंबई काय, दिल्ली काय, सारें खुलें आहे. दिल्ली विद्यापीठाचे पदवीप्रवेश २०२२ सालापासून सीयूईटी ह्या सामाईक परीक्षेवर होतात, व ती परीक्षा आपल्याकडील मुलांसही देतां येते.

मात्र जवळ आणि दूर हा हिशेब बहीण-भावांस सारखा असावा. मुलांत जो बोलकेपणा गुण मानला जातो तोच मुलींत आगाऊपणा ठरतो, आणि तिला 'जवळ बरें' म्हणून ठेवून तिच्याहून कमी गुणांच्या भावास पुण्यास धाडतात. कर्वे ह्यांनीं महिला विद्यापीठ स्थापिलें तें १९१६ सालीं. त्यास शंभरांवर वर्षें होऊन गेलीं तरी हा प्रकार आम्हांस दरसाल पाहावा लागतो, व त्याचा संताप येतो.

शाखेविषयीं फार लिहीत नाहीं. नव्वद टक्के पडले म्हणून विज्ञान, हा हिशेब आम्हांस मान्य नाहीं. युक्तिवाद आवडणाऱ्या मुलास कायद्याचा पांच वर्षांचा अभ्यासक्रम बारावीनंतर कोणत्याही शाखेंतून घेतां येतो, ही साधी गोष्टही पुष्कळ घरांत ठाऊक नसते.

अर्ज भरण्यापूर्वीं आई, वडील व मुलगा ह्यांनीं निरनिराळ्या कागदांवर तीन-तीन कॉलेजांचीं नांवें लिहावींत व प्रत्येकापुढें एक कारण लिहावें. जाण्यायेण्याचा वा खोलीचा खर्चही तेथेंच मांडावा. फीपेक्षां तोच बहुधा जड जातो. मग तिन्ही कागद शेजारीं ठेवावे. ज्या नांवापुढें 'सगळे तेथेंच जातात' असें कारण असेल तें नांव खोडावें, व उरलेल्यांतून पहिली ओळ मुलास स्वतःच्या हातानें भरूं द्यावी.