सर्वांचा एकच हात

रोह्याचे एखादे कुटुंब गणेशचतुर्थीची मूर्ती सांगावयास पेणला जाते. मूर्तिकार विचारतो, "केवढी हवी?" "१५ इंच," एवढे उत्तर त्यास पुरते. पुढे ती मूर्ती घरच्या मखरात नेमकी बसते. मखर करणाऱ्या सुताराने मूर्तिकाराला कधी पाहिलेलेही नसते. मग दोघांचे काम जुळते कसे? ही किमया मोजफितीची, म्हणजे आपल्या टेपची.

पूर्वी लोक शरीरानेच लांबी मोजीत. ताणलेल्या पंजाची वीत, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचा हात. ही मापे सदैव जवळ असत. परंतु उंच माणसाचा हात लांब, ठेंगण्याचा आखूड! पाच हात कापड घेताना हात कोणाचा धरावा, दुकानदाराचा की गिऱ्हाइकाचा? तंटा येथेच सुरू होई.

म्हणून सर्वांसाठी एकच माप असणे अवश्य ठरले. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समधील शास्त्रज्ञांनी उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग घेतला व त्यास मीटर म्हटले. भारताने १९५६ साली कायदा करून ही दशमान पद्धत स्वीकारली. तरी व्यवहारात फूट व इंच अजून चालतात. म्हणून टेपवर पुष्कळदा दोन्ही खुणा असतात. १ इंच म्हणजे २.५४ सेंटिमीटर.

कामाप्रमाणे टेपचे रूप बदलते. शिंप्याला छाती, कंबर असे गोलाकार भाग मोजावयाचे असतात. म्हणून त्याची फीत मऊ असते. ती बहुधा १५० सेंटिमीटर लांब असते. सुताराची फीत पोलादी असते. तिच्या टोकाचा आकडा किंचित हलतो. तो मोडलेला नसतो! फळीच्या कडेला अडकविला, की तो आपल्या जाडीइतका बाहेर सरकतो. खोक्याच्या आत टेकविला, की तेवढाच आत जातो. त्यामुळे माप दोन्ही वेळा बरोबर येते.

मऊ फीत वापराने ताणते. म्हणून ती अधूनमधून पोलादी फितीशी ताडून पाहावी. मोजताना ती सैल वा तिरकी धरू नये. एकदा कापलेले कापड पुन्हा सांधून पूर्ववत होत नाही. आपल्याकडे 'मापात पाप' असे म्हणतात. ते पाप फितीचे नसते, ती धरणाऱ्याचे असते. माप सर्वांचे एक झाले. ते प्रामाणिकपणे धरणे मात्र ज्याचे त्याने शिकावयाचे असते.

स्वाध्याय
१. हाताने मोजण्यात कोणती अडचण होती?
२. सुताराच्या टेपचा आकडा का हलतो?
३. तुमची वीत किती सेंटिमीटर भरते, ते मोजा. ती शेजारच्या मित्राच्या वितीशी जुळते काय?