‘चार्जिंग किती तास टिकते?’

लॅपटॉपच्या दुकानात हा प्रश्न हमखास विचारला जातो आणि दुकानदारही तितक्याच हमखास एक आकडा सांगून मोकळा होतो. वास्तविक प्रश्नच अपुरा आहे. कोणते काम करताना, हे विचारल्याखेरीज त्या आकड्याला अर्थ नाही.

हा विषय विज्ञानशाखेचा, तो कलाशाखेच्या अंकात कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु आज भूगोलाचा विद्यार्थी उपग्रहचित्रांवरून नकाशे तयार करतो. राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन संस्था १९७६ पासून आणि महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र १९८८ पासून ज्या क्षेत्रात काम करीत आहेत, ते क्षेत्र नागपूरच्या विद्यार्थ्याला घराजवळचे आहे. कोणी लघुपटांचे संकलन करतो. अशांना साधा संगणक पुरत नाही; त्यांना पातळ, पण बलवान असे ‘वर्कस्टेशन’ जातीचे यंत्र हवे असते. बेसा-पिपळ्याकडील कित्येक घरांत अशा यंत्रासाठी वर्षभराची शिल्लक मोडावी लागते. म्हणून थोडा हिशेब मांडू या.

बॅटरीच्या पाठीवर दोन आकडे असतात. समजा, १५.४ व्होल्ट आणि ६ अँपिअर-तास. त्यांचा गुणाकार ९२.४ वॅट-तास. वीजबिलातील एक युनिट म्हणजे १००० वॅट-तास. म्हणजे एवढे महागडे यंत्र आपल्या पोटात एका युनिटच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी वीज बाळगते! घरातील १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या इन्व्हर्टर बॅटरीत कागदोपत्री १८०० वॅट-तास असतात. पण तिला उचलून वर्गात कोण आणणार?

आता खर्चाची बाजू. निबंध लिहिताना यंत्राला सुमारे १० वॅट लागतात, म्हणजे नऊ तास निघतात. तेच यंत्र त्रिमितीय नकाशा किंवा चलच्चित्र तयार करू लागले की प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मिळून १२० वॅट सहज ओढतात. मग पाऊण तासात खेळ आटोपतो. पुष्कळ यंत्रे बॅटरीवर असताना आपला वेग आपणच उतरवतात, कारण पातळ घटांतून एवढा प्रवाह सतत ओढणे इष्ट नसते. त्यामुळे वेळ थोडा वाढतो, पण कामही रेंगाळते.

मग मोठी बॅटरी कां घालत नाहीत? जाडी आणि वजन ही कारणे आहेतच. पण एक कारण विमानतळावरचे आहे. १०० वॅट-तासांपर्यंतची बॅटरी प्रवाशाला सहज नेता येते. त्यापुढे १६० पर्यंत विमानकंपनीची संमती घ्यावी लागते. म्हणून बडी बडी यंत्रे ९९च्या आसपास येऊन थांबतात. भांडे वाढत नाही, तेव्हा काटकसर खर्चात करावी लागते. प्रोसेसरची वीज ढोबळमानाने वेगाच्या आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. दोन्ही दहा टक्क्यांनी उतरवले तर खर्च सुमारे सत्तावीस टक्क्यांनी घटतो. दहा टक्के वेग देऊन एवढे मिळत असेल तर सौदा वाईट नाही. पडद्याचा उजेड कमी करणे आणि लिखाणाच्या वेळी स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड झोपी घालणे, हे उपायही त्याच जातीचे.

इथवर गणित झाले. नागपूरकरांचा खरा प्रश्न मात्र उन्हाळ्याचा आहे. लिथियम-आयन घट १९९१ मध्ये सोनी कंपनीने बाजारात आणला. त्यामागील संशोधनाबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. या घटात लिथियमचे आयन दोन टोकांमध्ये ये-जा करतात. प्रत्येक फेरीत थोडे लिथियम ग्रॅफाइटवरील पापुद्र्यात कायमचे अडकते आणि तेवढी क्षमता घटते. घट उष्ण असेल आणि काठोकाठ भरलेला असेल तर ही झीज झपाट्याने होते. दर दहा अंशांमागे रासायनिक क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो, हा आपल्या शालेय पुस्तकातला ढोबळ नियम इथेही आठवावा. नवतप्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो. वरच्या मजल्यावर, तापलेल्या स्लॅबखाली, गादीवर ठेवून चार्जरला लावलेले यंत्र आतून किती तापत असेल, याची कल्पना करावी.

पूर्वीचे घट गोल नळकांड्यांचे होते, १८ मिलिमीटर व्यासाचे. ते घातले की यंत्र त्याहून पातळ होणे शक्यच नव्हते. परंतु बॅटरी खटका दाबून काढता येई. आता चपट्या पाकिटांसारखे घट तापणाऱ्या भागांना खेटून बसवतात. माझ्या मते पातळपणाची ही किंमत आपण जरा जास्तच मोजतो आहोत.

तेव्हा विकत घेताना तासांऐवजी वॅट-तास विचारावेत, आणि बॅटरी बदलून मिळते काय व कितीला, हेही. दिवसभर चार्जरवर काम असेल तर पुष्कळ यंत्रांत ८० टक्क्यांवर भरणे थांबवण्याची सोय असते, ती चालू ठेवावी. यंत्र कठीण, सपाट पृष्ठभागावर ठेवावे. टचपॅड उचलला जाऊ लागला किंवा झाकण नीट बसेना, तर आतील घट वायूने फुगला असे समजून वापर तत्काळ बंद करावा. तो टोचू नये, दाबू नये, घंटागाडीतही टाकू नये. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. त्यांच्या सेवाकेंद्रात ती नेऊन द्यावी.