ताई, तूच सांग ना!



आजचं वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक ६३

परवा रात्री साडेदहाला मामेबहिणीचा फोन आला. बारावी झाली आहे, 'नीट'मध्ये मनासारखे गुण नाहीत. मामा म्हणतो, एक वर्ष ड्रॉप घे. मामी म्हणते, मुकाट्यानं बीएस्सीला अ‍ॅडमिशन घे. तिच्या मैत्रिणी म्हणतात, वर्षभर काहीच करू नकोस, जरा जग! सगळं सांगून झाल्यावर ती म्हणाली, "ताई, माझं डोकं चालेनासं झालंय. तूच सांग ना. तू सांगशील ते मी करेन."

खरं सांगू? मला जरा भारीच वाटलं. उत्तर अगदी ओठांवर आलं होतं. पण सकाळीच हा श्लोक वाचला होता, म्हणून गप्प बसले.

अर्जुनाची अवस्था आठवा. दुसऱ्या अध्यायात तो कृष्णाला अगदी हेच म्हणतो: मला काही कळत नाही, मी तुझा शिष्य आहे, माझ्या हिताचं काय ते नक्की सांग. आणि गंमत म्हणजे लगेच दोन श्लोकांनी 'मी लढणार नाही' असं सांगून तो गप्पही बसतो. म्हणजे सल्ला मागायचा आणि आतून आधीच ठरवून टाकायचं! आपल्या घरोघरी जून महिन्यात हेच चालतं, नाही का?

पुढे सगळी गीता होते. कृष्ण हातचं राखून काही सांगत नाही. आणि १८व्या अध्यायात, सगळं सांगून झाल्यावर, तो अर्जुनाला म्हणतो की या सगळ्याचा पूर्ण विचार कर आणि मग तुला योग्य वाटेल तसं वाग. साक्षात भगवंत समोर उभा आहे. त्याला 'ऊठ आणि लढ' एवढ्यावर विषय संपवता आला असता. पण शेवटचा निर्णय तो अर्जुनाच्या हातात देतो.

हा श्लोक मला टोचतो, कारण माझं स्वतःचं एक वर्ष असंच गेलं.

माझी बारावी २०१७ ची. 'नीट'मध्ये ७२० पैकी ३६४ गुण पडले. बाबांच्या ऑफिसातल्या एका काकांच्या मुलानं ड्रॉप घेऊन मेडिकल मिळवलं होतं, त्यामुळे आमच्या घरी चर्चा अशी झालीच नाही. मला स्वतःला काय हवंय हे माहीत नव्हतं. मग मी काय केलं? देवापुढे दोन चिठ्ठ्या टाकल्या आणि धाकट्या भावाला एक उचलायला सांगितलं. 'ड्रॉप' निघाली. मला वाटलं, चला, देवानंच सांगितलं.

लातूरला क्लास लावला. एका खोलीत आम्ही चार मुली. मी अभ्यास केला नाही असं नाही, पण टेस्टमध्ये गुण कमी आले की मनात एकच वाक्य यायचं : "मी कुठे म्हटलं होतं?" आईचा फोन आला की चिडचिड. बाबांनी फीसाठी कर्ज काढलंय हे माहीत असूनही त्यांच्यावरच राग. पुढच्या मे महिन्यात ३९५ गुण पडले. वर्षात ३१ गुण वाढले. शासकीय कॉलेजसाठी ते पुरेसे नव्हते, आणि खासगी कॉलेज आमच्या आवाक्यातलं नव्हतं. शेवटी मायक्रोबायॉलॉजी घेतलं.

त्याच खोलीत एक मुलगी होती. तिचे वडील शेतकरी. ते 'नको' म्हणत होते, तरी ती हट्टानं आली होती. तिच्याकडे एक वही होती. पहिल्याच पानावर लिहिलेलं : वर्षाचा खर्च किती, तो कुठून येणार, रोज किती तास, आणि या वेळी नाही झालं तर काय. शेवटच्या प्रश्नापुढे तिनं लिहिलं होतं, 'फिजिओथेरपी. तिसरी वेळ नाही.'

तिलाही एमबीबीएस मिळालं नाही. आज ती फिजिओथेरपिस्ट आहे. पण त्या वर्षाबद्दल बोलताना ती कधीच 'वाया गेलं' म्हणत नाही. मी मात्र कितीतरी वर्षं तेच म्हणत होते. खोली तीच, डबा तोच, निकालही जवळपास सारखाच. फरक एवढाच, की ते वर्ष तिचं होतं. माझं वर्ष बाबांचं होतं, त्या काकांचं होतं, चिठ्ठीचं होतं. माझं नव्हतं.

या श्लोकात 'अशेष' असा शब्द आला आहे. काहीही शिल्लक न ठेवता. म्हणजे जी बाजू बघायची भीती वाटते, तीही बघून विचार करायचा. 'तुला वाटेल तसं कर' हे त्याच्यानंतर येतं, आधी नाही! आपण नेमकं मधलंच गाळतो. कुणी दुसऱ्याच्या सांगण्यावरून ठरवतो, कुणी 'माझं लाइफ आहे' म्हणून ठरवतो. दोन्हीकडे विचार राहूनच जातो.

मग गॅपच्या बाबतीत अशेष विचार म्हणजे नक्की काय? मी बहिणीला जे विचारलं तेच इथे लिहिते.

पहिलं, परीक्षेचं गणित. 'नीट' वर्षातून एकदाच होते, म्हणजे सगळं वर्ष एका दिवसावर. जेईई मेनची दोन सत्रं असतात, जानेवारीत आणि एप्रिलमध्ये. पण जेईई अ‍ॅडव्हान्स्ड लागोपाठच्या दोनच वर्षांत देता येते. 'नीट'ला मात्र प्रयत्नांची मर्यादा नाही, आणि तोच धोका आहे. नियम थांबवत नसेल, तर कुठे थांबायचं ते आपण आधीच ठरवायला हवं.

दुसरं, पैसा. क्लास, खोली, मेस. कोण भरणार आहे? त्या माणसाला एकदा समोर बसून विचारलंय का?

तिसरं, एखाद्या साध्या मंगळवारचं वेळापत्रक. सहाव्या अध्यायात भगवंत खाणं, झोपणं, काम सगळं बेतानं असावं असं सांगतात. रिकाम्या वर्षात सर्वात आधी झोपेची वेळ बिघडते. मग दुपारी बाराला उठायचं आणि रात्री दोनला स्वतःला दोष द्यायचा.

चौथं, परीक्षाच द्यायची नसेल तर? तेही चालेल. घरचं दुकान सांभाळा, आजीची सेवा करा, नोकरी करून बघा, काही शिका. कुणी म्हणतं, मी वारी करणार. जरूर करा! पण आळंदी ते पंढरपूर पायी वारी साधारण तीन आठवड्यांची. वर्षाचे आठवडे बावन्न. उरलेल्या एकोणपन्नास आठवड्यांचं काय, हेही विठ्ठलाला सांगूनच निघा.

आणि एक व्यवहाराची गोष्ट. पुढच्या वर्षी अ‍ॅडमिशनला गॅपचं प्रतिज्ञापत्र मागतात. त्यात बहुतेक एवढंच लिहायचं असतं, की या काळात मी कुठेही प्रवेश घेतला नव्हता. मी माझं लिहिलं तेव्हा रडू आलं होतं. वर्षभर काय केलं नाही ते एका ओळीत मावलं, आणि काय केलं हे मला स्वतःलाच सांगता येईना.

कुणी म्हणेल, म्हणजे देवानं आपल्याला एकटं सोडलं का? नाही. पुढचाच श्लोक वाचा. 'तुझ्या इच्छेनं कर' म्हटल्यावर कृष्ण तिथून निघून जात नाही. तू मला अत्यंत प्रिय आहेस, म्हणून तुझ्या हिताचं पुन्हा सांगतो, असं म्हणत तो बोलतच राहतो. सारथी रथातून उतरत नाही. लगाम त्याच्या हातात आहेत, पण धनुष्य अर्जुनालाच उचलायचंय.

म्हणून मी आता चिठ्ठ्या टाकत नाही. देवापुढे बसते, पण 'तूच ठरव' म्हणायला नाही. घाबरून मी जे बघायचं टाळतेय, ते दाखव, एवढंच मागायला.

तर फोनवर मी बहिणीला उत्तर दिलं नाही. फक्त विचारलं, "समजा, मामा-मामी दोघंही म्हणाले की तुला हवं ते कर. तर उद्या सकाळी काय करशील?" ती खूप वेळ गप्प होती. मग हळूच म्हणाली, "ताई, मला मुळात डॉक्टर व्हायचंय का, हेच मला माहीत नाही. दोन वर्षांत हे मला कुणी विचारलंच नाही गं."

तिनं अजून काही ठरवलेलं नाही. रविवारी ती मामाशी बोलणार आहे. मी सोबत जाणार आहे, पण बोलायचं तिनंच, असं आमचं ठरलंय.

आजचा अभ्यास : जो निर्णय तुम्ही दुसऱ्यावर ढकलताय, तो एका कागदावर लिहा. खाली तीन ओळी : यात मला काय हवंय, कुणाला काय मोजावं लागेल, आणि नाही जमलं तर काय. तिसरी ओळ रिकामी सोडू नका.

प्रार्थना : हे पार्थसारथी, माझा निर्णय तू घ्यावास असा हट्ट मी आज करत नाही. सगळं नीट बघण्याचं धैर्य दे. आणि मी जे ठरवेन, ते माझं म्हणून निभावण्याची ताकद दे.

राम कृष्ण हरी!